मला न झालेली कावीळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दादाला नाही, ऑफिसातल्या कुणाला नाही. जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्या वहिनीला तर नाहीच.

बातमीच्या पहिल्या वाक्यात मुख्य गोष्ट आली पाहिजे, असं मी नव्या मुलांना शिकवते. सोलापुरात, एका दैनिकाच्या डेस्कवर, इतकी वर्षं हेच करते आहे. दुसऱ्यांच्या बातम्यांतली तिसऱ्या परिच्छेदात लपलेली गोष्ट उचलून वर आणायची. आणि इथे तुमच्यासमोर बसले, तर पहिला परिच्छेद संपला, दुसराही संपत आला — मुख्य गोष्ट अजून आलेलीच नाही. येईल. मला थोडं फिरून यावं लागणार आहे.

औषधापासून सुरुवात करते. तिथे माझा पाय घसरत नाही.

रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरच्या पहिल्या फळीतलं औषध आहे. विटेच्या रंगाचं. क्षयाचा जंतू शरीरात जगतो, वाढतो, त्यासाठी लागणाऱ्या सगळ्या सूचना त्याच्या आत लिहिलेल्या असतात. त्या वापरायच्या तर आधी त्यांची नक्कल काढावी लागते. नक्कल काढणारा जो घटक असतो, त्यालाच रिफाम्पिसिन जाऊन चिकटतं आणि काम अडवतं. मूळ प्रत शाबूत, पण नक्कल निघत नाही. नक्कल नाही म्हणून प्रथिनं नाहीत, प्रथिनं नाहीत म्हणून जंतू मरतो. छापखान्यात वाढलेल्या माणसाला हे चटकन कळतं. बाकी गोळ्या सोबत असतात. एक जंतूचं मेणासारखं कवच बनू देत नाही आणि तिच्यामुळे पायाला मुंग्या येऊ शकतात. एकीने सांधे दुखतात. एक नजरेवर परिणाम करू शकते, लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला तर लगेच सांगायचं असतं. आणि रिफाम्पिसिनचा रंग शरीरातून बाहेर येतो. लघवी केशरी होते, घाम, अश्रूसुद्धा थोडे. त्याने काही बिघडत नाही. यकृताला खरंच त्रास झाला तर डोळे पिवळे होतात, अन्न नको होतं, उलट्या होतात — ती वेगळी गोष्ट. नुसता केशरी रंग म्हणजे औषध पोटात गेल्याची पावती.

हे सगळं मला डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. कारण हा रोग मला झाला होता.

संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, आणि खोकला — जो मी रस्त्यावरच्या धुळीवर ढकलत होते. थुंकीत जंतू सापडले. डॉक्टर म्हणाले, सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. सुरुवातीचे काही आठवडे वेगळ्या खोलीत झोपा, तोंडावर रुमाल धरा, घरी सांगा. मी मान हलवली. बाहेर येऊन दुकानातून गोळ्या घेतल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकल्या. घरी सांगायचं नाही, हे जिना उतरता उतरता ठरलं होतं.

का? मोहोळचं एक स्थळ आलं होतं. बोलणी पुढे सरकत होती. मुलीला टीबी आहे, हे कळल्यावर बोलणी कुठे जातात ते मला ठाऊक होतं. मला वाटलं, सहा महिने गप्प राहायचं, मग आजारच राहणार नाही, तर सांगण्यासारखं उरणार काय? हे कारण म्हणून सांगते आहे. सबब म्हणून नाही. ते स्थळ पुढे मुलाच्या बदलीवरून मोडलं, म्हणजे खोटं बोलण्याचं कारण गेलं आणि खोटं राहिलं.

तेव्हा आम्ही एकत्र राहायचो. दादा, वहिनी, त्यांची तीन वर्षांची चिन्नी आणि मी. दादा चिंचोळी एमआयडीसीत पाळ्यांवर कामाला. वहिनी मंद्रूपकडची, शाळा कानडीतून झालेली. बोलायची मराठी, चिडली की कानडी. आणि पाणी काही दिवसांआड यायचं. ज्या घरात पाणी असं येतं, तिथे संडासात बादली ओतायची नसते, तांब्याभर टाकायचं असतं. गोळ्या सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. मी तांब्याही टाकायला विसरले. मागोमाग वहिनी गेली, आणि बाहेर आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"ताई, कावीळ झालीय तुमाला."

मी तांब्या भरायला वळले.

"हळदीवानी पिवळं न्हाय, पार केशरी हाय. लई चढलीय. म्हणून तर जेवण जात नव्हतं तुमाला. आन् मला बोलला न्हाय व्हय?"

बघा, शब्द तिने आणला. मी फक्त घेतला. "हो," म्हणाले, "डॉक्टरपण तेच म्हणाले." इतकं सोपं होतं ते. ताप, अशक्तपणा, गोळ्या, केशरी रंग — सगळ्यावर एकच झाकण बसलं. काविळीने कुणाचं लग्न मोडत नाही. मी त्या दिवशी ऑफिसला जाताना हलकी होते, हेही सांगितलं पाहिजे.

मग वहिनीने जे केलं, त्याचे उपकार मी विसरलेले नाही. तेल बंद, तिखट बंद. उसाचा रस, मुळ्याचा पाला, ताक, मऊ भात. सकाळी मी उपाशीपोटी गोळ्या घ्यायचे, तेव्हा ती तासभर चहासुद्धा पिऊ द्यायची नाही, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं. कुणी पाहुणा चहाचा आग्रह करायला लागला तर त्यालाच रागवायची. स्वतःच्या ताटातली शेंगाचटणी झाकून खायची, म्हणजे मला वास जाऊ नये. एका रविवारी तिने मला एसटीत घालून मंद्रूपच्या पुढच्या एका वस्तीवर नेलं. तिथे काविळीचं औषध देणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी पाल्याचा रस दह्यातून दिला, हाताला कसलासा पाला चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं. तो पाला कुणाच्याही हाताला चोळला तरी पाणी पिवळं होतं, मी त्यावर एकदा बातमी लावली होती. आजी पाण्याकडे बघून वहिनीला कानडीत काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हंत्यात, एवढी कावीळ अंगात ठेवून ही पोरगी पेपर छापती, तरीच पेपर पिवळे पडत्यात."

मीही हसले. परतीच्या एसटीत वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. मी बरी झाले ती गोळ्यांनी, यात मला शंका नाही. पण ज्या काळात गोळी पोटात टिकवणंसुद्धा जड जात होतं, त्या काळात एक बाई माझ्या पोटाला काय चालेल याचा दिवसभर विचार करत होती. ती उपचार करत होती — चुकीच्या आजारावर. चुकीचा आजार तिला मी दिला होता.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, खोटं होतं, पण घरगुती होतं. मीही बरीच वर्षं इथेच थांबायचे. पुढे जात नसे.

चिन्नी माझ्याजवळ झोपायची.

वहिनीने तिला रोज माझ्या अंथरुणात आणून टाकायचं आणि तिने माझ्या मानेत तोंड खुपसून झोपायचं, हे ती वर्षाची असल्यापासून होतं. टीबी म्हटलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला तिला उचललं गेलं असतं. काविळीत कोण उचलतं? मी तिच्याकडे पाठ करून झोपायचे, तोंडावर ओढणी घ्यायचे. ती मला ओलांडून पुन्हा पुढच्या बाजूला यायची. खेळ वाटायचा तिला.

गोळ्या सुरू झाल्यानंतर एकदा ऑफिसात फोन आला. डॉक्टरांकडून रुग्णाची माहिती सरकारी यंत्रणेला जाते. पत्ता आणि फोन देताना मी ऑफिसचाच दिला होता. फोनवर एक बाई होत्या, आवाज कामाचा, पण मायाळू. गोळ्या नीट चालू आहेत ना, त्रास काही होतो का, असं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, घरात सहा वर्षांखालचं मूल आहे का? असलं तर तपासून त्याला साधी गोळी सुरू करता येते. आजार होऊच नये म्हणून."

मी म्हणाले, "नाही."

हेच ते. मुख्य गोष्ट आली.

फोन ठेवला आणि बाजारभावाचं पान लावायला घेतलं. दुसऱ्या दिवशी पान बघितलं, एकही चूक नव्हती.

चिन्नीला लागण त्याआधीच झाली असेल, हे मला कळतं. रोग कुणाकडून आला, हे असं बोट ठेवून सिद्धही करता येत नाही. हे दोन्ही मुद्दे मी स्वतःसमोर अनेकदा मांडले आहेत, उलटतपासणी घेतल्यासारखे. पण ती गोळी नेमकी अशाच मुलांसाठी असते — ज्यांना लागण झाली असेल, पण आजार अजून व्हायचा आहे. एक बाई फोन करून विचारत होत्या. उत्तर फक्त मला माहीत होतं. मग माझे मुद्दे कशाला हवेत?

मी पूर्ण बरी झाले. छाती स्वच्छ, वजन परत, ऑफिसचा जिना एका दमात. वहिनीने पुरणपोळ्या केल्या आणि अख्ख्या गल्लीत सांगितलं की ताईची कावीळ तिने उतरवली.

पुढच्या वर्षी चिन्नीच्या मानेला गाठ आली. लहानशी, न दुखणारी. मग बारीक ताप, अंग धरेना. दादाने सुट्टी घेऊन तिला दवाखान्यात नेलं, गाठीत सुई घालून तपासणी झाली, आणि दादा घरी आला तो खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभा राहिला. टीबी. वहिनीने ऐकून घेतलं आणि एकच म्हणाली, "कुटनं आली ही? आमच्यात तर कुणाला न्हाय की."

मी तिथेच होते. हातात पेपर होता.

लहान मुलांच्या गोळ्या पाण्यात विरघळतात. वहिनी त्या चमच्यात विरघळवून, चिन्नीचं नाक दाबून पाजायची. डॉक्टरांनी दादाला सांगितलं होतं: डोळे पिवळे झाले, उलट्या झाल्या, म्हणजे काविळीची लक्षणं दिसली, तर गोळ्या थांबवा आणि ताबडतोब घेऊन या. अगदी बरोबर सूचना. लघवीचा रंग बदलेल, हेही सांगितलं असणार. पण दादा दुसऱ्या पाळीला पळायच्या घाईत होता. घरी पोहोचलं ते एवढंच — कावीळ झाली तर गोळ्या बंद.

आणि एका सकाळी चिन्नीने अंथरुण ओलं केलं. पांढऱ्या चादरीवर केशरी डाग.

जगातल्या कुठल्याही घरात त्या डागाला बघून आई घाबरली असती, डॉक्टरकडे धावली असती. आमच्या घरात त्या डागाचं नाव आधीच ठरलेलं होतं. "ताईला झालती तशीच," वहिनी म्हणाली, जवळजवळ सुटकेच्या आवाजात. निदान हे तरी तिला बरं करता येत होतं. तिने गोळ्यांचं पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. चिन्नीला ताक-भात सुरू झाला. दादा दिवसा झोपलेला, संध्याकाळी कामावर. त्याला ती म्हणाली, कावीळ आहे, मी बघते.

मी म्हणाले, "वहिनी, डॉक्टरांना एकदा विचार ना."

"इचारू की. पण तुमाला तरी कुटं डॉक्टरनं बरं केलं? मीच केलं." आणि हसली. "रविवारी आजीकडं न्हेते. तुमी येता का संगं?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरेसं होतं: मला कावीळ नव्हती. त्या गोळीने लघवी केशरीच होते, मी सहा महिने बघितली आहे. अर्धवट थांबवलेल्या गोळ्यांनी काय होतं, हे मला त्या घरात सगळ्यांत जास्त माहीत होतं — उरलेले जंतू औषधाला सरावतात, आणि मग हीच औषधं लागू पडत नाहीत. एवढंच काय, मी असल्या विषयावरचे लेख तपासून छापत होते. आणि मी काय केलं? चप्पल घातली, ऑफिसला गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्याही. घरी यायचे, फळीवरच्या पाकिटाकडे बघायचे, ते तिथेच असायचं. चिन्नीचं अंग संध्याकाळी पुन्हा कोमट लागायला लागलं. ती पूर्वीसारखीच माझ्याजवळ येऊन झोपायची. मी तिच्या मानेवरच्या गाठीवर बोट ठेवून बघायचे, मोठी झाली का. आणि बोलायचे नाही.

तुम्ही विचाराल, भीती कशाची होती? ते स्थळ तर तेव्हा कधीच मोडलेलं होतं. मलाही नीट सांगता येत नाही. वहिनीच्या चेहऱ्याची, बहुतेक. ताकाची वाटी पुढे करणाऱ्या बाईला, तू ज्याची सेवा केलीस ते खोटं होतं आणि तुझी मुलगी त्यातून आजारी पडली, हे कोणत्या शब्दांत सांगतात? मला शब्द सापडेनात, असं मी स्वतःला सांगत होते. मी — जी दिवसाला शंभर वाक्यं दुरुस्त करते.

रविवारच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून चिन्नीच्या डॉक्टरांना फोन केला. आत्या बोलतेय म्हणाले, घरी गोळ्या बंद केल्यात, लघवी केशरी झाली म्हणून. माझ्याबद्दल काही नाही. डॉक्टरांनी दादाला फोन लावला, दादा पाळी सोडून घरी आला, दोघांनी मुलीला नेलं. डोळे बघितले, रक्त तपासलं. यकृत उत्तम होतं. डॉक्टरांनी वहिनीला समोर बसवून गोळीच्या रंगाची गोष्ट सांगितली, जी मी तुम्हाला वर सांगितली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि या वेळी शेवटपर्यंत चालल्या. गाठ विरली. कसलाही मागमूस राहिला नाही. त्या विटकरी औषधाचे, त्या फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचे, दादाच्या तडक घरी येण्याचे — कुणाकुणाचे उपकार मोजू? मी उशीर केला, तरी औषधाने उशीर मानला नाही. त्याला तसं करायची काही गरज नव्हती.

दवाखान्यातून आल्यावर वहिनी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. बराच वेळ डाळ निवडत बसली. मग म्हणाली, "तुमाला कसं ओ कळलं, गोळीनं रंग येतोय म्हणून?"

"आमच्या पेपरात एकदा आलं होतं."

"मग ताई, तुमची ती कावीळ..."

मी तिच्याकडे बघितलं नाही. "माझी खरी होती."

तिने सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. "व्हय की," ती म्हणाली. "तुमचं डोळं पिवळं जर्द झालतं. मी सोता बघितलं हाय."

माझे डोळे कधीच पिवळे झाले नव्हते.

तिने ते का बघितलं, याचा मी फार विचार केला आहे. तिला संशय आला आणि तिने तो स्वतःच्या हाताने पुसून टाकला का? की माझ्यावरच्या विश्वासापायी तिच्या आठवणीने डोळ्यांत रंग भरला? मला माहीत नाही. विचारायचं धाडस नाही. मात्र एवढं कळतं, की त्या वेळी तिने मला दार उघडून दिलं होतं, आणि मी ते आतून लावून घेतलं. फोनवरचं "नाही" भीतीतून आलं होतं, घाईत आलं होतं. हे "खरी होती" मी विचार करून म्हणाले.

तेव्हापासून घरात एक गोष्ट सांगितली जाते: ताईने फोन केला म्हणून चिन्नी वाचली. पाहुण्यांना सांगितली जाते, शाळेतल्या बाईंना सांगितली जाते. संक्रांतीला वहिनी पहिलं वाण मला देते. मी आता वेगळी राहते, तरी हुरडा निघाला की पहिली पिशवी माझ्या दारात येते, वरून दादाचा निरोप — वहिनीने मोजून-निवडून पाठवलंय. मी कधी परत केलं नाही. कधी म्हणालेसुद्धा नाही की कशाला एवढं. हुरडा गोड असतो. मी सगळा खाते.

चिन्नी आता सातवीत आहे. शाळेच्या खो-खोच्या संघात आहे, आणि मानेवर सुईची खूणही दिसत नाही. वहिनीला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून माझ्या नावाने छापून आलेलं सगळं चिन्नीच तिला मोठ्याने वाचून दाखवते. वहिनी भाकरी थापत ऐकते. मधेच थांबवून विचारते, म्हंजे काय, आणि चिन्नी समजावून सांगते.

हे मी माझ्या नावाने छापायला देते आहे.